पोटाखालची पिसं

आमच्या बेटावर मे महिन्यात कुत्रे बांधून ठेवतात,
दोरीवर रंगीत कपडे वाळत घालत नाहीत,
भांडायचंच असलं तर होडी काढून लांब जातात.
आयडर बदकिणी यायच्या असतात.

बाबा, हालवार्ड, त्यांच्यासाठी फळ्यांची घरं मांडतो,
गुडघ्याएवढी, बिनदाराची.
आत वाळलेलं शेवाळ, हातानं कुसकरून मऊ केलेलं.
माझं अंथरूण इतक्या निगुतीनं कधी घातलं नाहीस,
मी एकदा म्हणाले. तो हसला नाही.
आई बेर्गनला निघून गेली तेव्हा मी चार वर्षांची.
माझ्या वेण्या तो जाळ्याच्या गाठीनं बांधायचा,
रात्री सुटता सुटत नसत.

नर देखणा. पांढरी पाठ, काळं पोट,
मानेवर कोवळ्या वाटाण्याचा हिरवा.
अंडी झाली की तो समुद्रावर.
मादी तपकिरी, लोक तिला साधी म्हणतात.
त्यांनी जवळून पाहिलेलं नसतं:
एकेका पिसावर कोळशाच्या टोकानं ओढलेली रेघ,
रेघेच्या कडेला जळक्या साखरेचा रंग.
आणि त्याच्याही खाली, दिसतच नाही ते,
धुरासारखं, बिनवजनाचं.
ते ती स्वतःच्या पोटावरून उपटते, चोचीचोचीनं,
मग उघडी कातडी अंड्यांना टेकवून
पंचवीस दिवस बसते, जवळजवळ उपाशी.

पिल्लं पाण्यावर गेली की आम्ही ती पिसं वेचतो.
साठ-सत्तर घरट्यांची मिळून एक दुलई.
तळहातावर घेतलं तर आधी काहीच कळत नाही,
मग हात तापू लागतो,
कुणी धरल्यासारखा.

माझे दिवस मार्चमध्ये भरले.
बाबानं त्याचा करडा स्वेटर उसवला
आणि टोपी विणली, मोसंब्याएवढी.
मी शाळेत होते तेव्हापासून
तोच स्वेटर घालून तो घरट्यांपाशी जायचा.

यंदा दुकानातलं निळं जाकीट घालून गेला,
तर तीन माद्या फडफडत उडाल्या
अंड्यांवर घाण टाकून.
परत आला तो चोरासारखा.
उंबऱ्यातच थांबून म्हणाला,
"रान्डीची टोपी देतेस? तासाभरापुरती."

झोपलेल्या पोरीच्या डोक्यावरून मी ती अलगद काढली,
तिथं माझा तळहात ठेवला
आणि खिडकीतून पाहत राहिले.
मुठीवर टोपी चढवून, हात पुढे धरून
सत्तरीचा माणूस ओणव्यानं चाललाय
दगडांतून, एकेक पाऊल.
पहिल्या घरापाशी थांबला.
मादीनं मान वळवली.
बराच वेळ.
मग पोटाखालून बाहेर आलेलं एक पीस
चोचीनं आत ओढून घेतलं.