नंतर आठवण करा

निळी चौकट आज पुन्हा आली.
‘आता’ किंवा ‘नंतर आठवण करा’.
‘नको’ असं बटणच नाही तिच्यात.
अठ्ठावीस वेळा मी ‘नंतर’ म्हटलंय,
दारात आलेल्या उधारीवाल्याला म्हणावं तसं,
चेहरा न बघता.

माझा कॉम्प्युटर चालतो.
पंखा घोरतो जरासा.
‘ओ’च्या डोक्यावरचे दोन ठिपके
कीबोर्डवरून केव्हाच झिजून गेले,
पण दाबलं की पडद्यावर उमटतात अजून.

त्याच्या पोटात आमचं तळं आहे:
अकरा हिवाळे, दर सोमवारी नि गुरुवारी,
सतरा भोकं आणि प्रत्येकाची जाडी.
माणसाला पाच सेंटिमीटर पुरतात,
मोटारीला पंचवीस,
पलीकडच्या काठाला जाणाऱ्या दुधाच्या ट्रकला चाळीस.
रेइयोनं लिहिलेला प्रोग्रॅम बेरजा करतो
आणि एकच शब्द सांगतो,
उघडा, नाहीतर बंद.

रेइयो आता रोवानिएमीत काचघरात टोमॅटो लावतो.
फोन केला की टोमॅटोचंच बोलतो.
विचारलं, नव्या सिस्टिमवर चालेल का रे तुझा प्रोग्रॅम?
म्हणाला, चालेल बहुतेक.
बर्फावर आम्ही ‘बहुतेक’ हा शब्द वापरत नाही.

भाचा ओन्नी आला, खिशात पेनड्राइव्ह,
बूट दाराशी ठिबकत ठेवून, मोज्यांवर.
मावशी, चौदा तारखेनंतर याला कुणी वाली नाही.
दार सताड टाकून झोपण्यातला प्रकार आहे हा.
म्हटलं, आपल्या गावात दारं उघडीच असतात.
तो हसला नाही.

चालत्या यंत्राला हात लावू नये,
बाबा म्हणायचे, बोटीच्या इंजिनाबद्दल.
त्याच इंजिनानं एका सप्टेंबरात
त्यांना सहा तास वल्ही मारायला लावली.
तेही सांगायचे ते,
पण कमी वेळा.

ओन्नीला कॉफीपाशी बसवून
मी गिरमीट घेऊन तळ्यावर गेले. गुरुवार होता.
नववं भोक ओढ्याच्या तोंडाशी आहे,
खालून पाणी सरकत असतं.
सोमवारी त्रेचाळीस होतं.
आज एकतीस.
दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा हातमोजा काढून.
वरून काहीच बदललं नव्हतं,
तोच बर्फ,
त्यावर माझ्याच स्कीच्या सोमवारच्या दोन रेघा.

‘काल तर पेललं होतं’ म्हणणारे
दोन जण मला माहीत आहेत.
एकाची गाडी सापडली.

परत आले तर चौकट तिथंच, निळी, निवांत.
आणि मला माझीच लाज वाटली थोडी.
पाऊल टाकण्याआधी तळ्याला भोक पाडणारी मी,
या डब्यावर अकरा वर्षं
नुसती चालत आलेय.

तरी एक सांगते ओन्नी,
नवा बर्फ काळा असतो, काचेसारखा,
जुन्या पांढऱ्यापेक्षा मजबूतही असतो,
पण म्हणून पहिल्याच दिवशी त्याच्यावर
कुणी ट्रक घालत नाही.
आधी काठी. मग माणूस, कमरेला दोर बांधून.
तुझा तो तडा गेलेला लॅपटॉप आण,
त्यावर घाल तुझी नवी सिस्टिम,
तिला रेइयोचा प्रोग्रॅम दे
आणि आजचे सतरा आकडे.
एकतीसला ती ‘बंद’ म्हणाली
तर पुढचं बोलू.
आणि अकरा हिवाळ्यांच्या दोन प्रती कर,
एक कागदावर.
कागदावर कशाला, असं त्याच्या तोंडावर आलं होतं,
गिळलं त्यानं.

रस्त्याला मात्र कुणाचीच वाट बघता येत नव्हती.
फाटक आडवं टाकायला मी पुन्हा बूट चढवले.
उद्या दूध नव्वद किलोमीटर वळसा घालून जाईल,
चालक शिव्या घालेल, घालू दे,
कोरड्या रस्त्यावरून घालेल.

निघताना ओन्नीनं विचारलं, ही चौकट?
मी ‘नंतर’ दाबलं.
एकोणतिसावी खेप.
पण कॅलेंडरवर, दहा तारखेच्या शेजारी,
पेन्सिलीनं गोल केला आधी,
उधारीवाल्याला दिसेल असा.