आस

महाप्याला, सातव्या मजल्यावर,
माझ्याकडे माणसं येत नाहीत, ओळी येतात.
दोनशे बारा ओळी.
पहिल्या रकान्यात क्रमांक, नवव्यात जनुकांचा गुण,
शेवटच्यात महिने : किती जगली,
किंवा शेवटची दिसली तेव्हा जिवंत होती.
या दुसऱ्यांसमोर आम्ही छोटं अधिकचिन्ह काढतो.
म्हणजे खबर थांबली, इतकंच.

शुक्रवारी बेहेरे सर खुर्ची ओढून बसले.
कट-ऑफ ०.५० चा ०.३८ केला
तर औषध लागू पडतंय, म्हणाले.
म्हटलं, निकाल बघून झाल्यावर?
नऊ बायका गटात जास्त येतात, उज्ज्वला,
नऊ बायका.
वीस उपगट पाडले तर एखादा
नुसत्या नशिबानंही चमकतो,
हे त्यांनीच मला शिकवलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी,
वहीच्या मागच्या पानावर नाणी काढून.

रविवारी दिवाळ्याच्या बाजारात चांगुणाबाई
गालफड उघडून दाखवते. लाल. ताजा.
तिची चाचणी कितीदा चुकते
हे मी कधी मोजलेलं नाही.
टोपलीखाली प्लास्टिकच्या पिशवीत हिरवी फाइल,
कोपऱ्यात आमचा शिक्का.
मी मान वळवायला हवी होती.
"बाय, तू शिकलेली, वाच ना, काय लिवलंय?
माझी गोली खरी हाय का पिठाची?"

ते मलाही ठाऊक नाही, हे खरं होतं.
माझ्याकडे फक्त अ आणि ब आहेत.
मी वाचलं : गुण ०.४१.
खाली एक बदल, आणि त्यापुढे : अर्थ अनिश्चित.
ज्या हजारो माणसांशी तिला ताडून पाहिलं
त्यांत या खाडीकाठचं
बहुधा कोणीच नव्हतं.
"म्हंजे वायट?"
म्हंजे माहीत नाही, बाई.
"येवढं रगत घेतलं नि माहीत नाय?"
आणि ती हसली, सुरी न थांबवता.

मागे तिचा मुलगा जाळं शिवत होता.
मी विचारलं, ही भोकं एवढी मोठी का?
"आस म्हणतात त्याला.
लहान आसाचं जाळं सगलंच उचलतं,
पिल्लं, कचरा, सगलं.
मंग वरसभर रिकामी खाडी."
आणि आत आलेलं बघून आस बदलला तर?
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की मी पुढचं विचारलं नाही.

सोमवारी सरांना मेल पाठवली, दोन ओळींची.
कट-ऑफ ठरला होता तोच.
०.३८ ला अर्थ द्यायचा तर नवी चाचणी,
नव्या बायका, आणखी चार वर्षं.
पाठवायचं बटण दाबताना
नऊ ओळी नऊच राहिल्या नाहीत,
त्यातल्या एकीच्या हाताला
खवल्यांचा वास येत होता.
बरोबर असण्याने तो जात नाही.

रविवारी तिने बोंबील दिले, डझनाच्या भावात.
घरी निवडायला घेतले तेव्हा तेरा निघाले.
चूक, की दिलेला एक जास्तीचा,
एका डझनावरून सांगता येत नाही.