शिलाई

वरनं टेम्पो आला, रात्री साडेअकराला.
चार हजार उपरणी, चिन्ह छापून तयार.
सोबत चिठ्ठी : बाहेरचं काही वापरायचं नाही.
बाहेरचं म्हणजे आमच्या गल्लीतलं.

यादवनगरात शमा शिकलगार
वीस वर्षं सगळ्यांचेच झेंडे शिवते.
माणसं पक्ष बदलत्यात, म्हणते,
मी नुसतं रीळ बदलते.
यंदा तिच्या मशीनवर फडकं झाकलेलं.

"वरनं आलंय गं," मी म्हटलं.
"वरनं आलेलं उसवतंय की," म्हणाली,
आणि एका उपरण्याचा काठ
नखानं सर्रकन ओढून
दोरा माझ्या हातात दिला.

मग तीन रात्री, दारं लावून,
ती, तिची नणंद, शेजारची कासारांची सून.
चार हजार काठ दुमडले, नगाला दोन रुपये.
खर्चाच्या वहीत मी लिहिलं :
मिसळ, कार्यकर्ते.

बिंदू चौकातल्या सभेत जिल्हाध्यक्षांनी
माझ्या गळ्यातला काठ चिमटीत धरला.
"बघा, माल कसा एक नंबर पाठवलाय!"
व्हय साहेब, म्हटलं.

खाली तिसऱ्या रांगेत शमा.
टाळ्या वाजवत नव्हती.
माझ्या गळ्याकडं बघत होती,
कुठं टाका सुटलाय का.