दुसरा कान

ये सिक्स्टेन, बूट दाराशीच काढ,
खुर्चीवरची ती चळत उचल, खाली ठेव.
आडवी नको रे, उभी!
आडव्या निजवल्या की तबकड्या वाकतात
आणि मग उठवल्या तरी सरळ होत नाहीत.
दुकानातून मोजायला आलायस, तर मोज.
दोन हजार तीनशे आणि काही.
पण आकडा लिहिण्याआधी माझं ऐकून घे.

रॉक खालच्या फळीवर.
सोळा ट्रॅकांचं यंत्र आलं नि या लोकांचं घर मोडलं.
ड्रम वाजले सोमवारी, गिटार गुरुवारी,
गाणारा उगवला महिन्यानं, हेडफोन लावून,
ओरडतोय बिचारा, पण समोर कुणी नाही.
मला ती बोरोसची चार पोरं आवडतात.
शाळेच्या व्यायामशाळेत एका रात्रीत उरकलं सगळं.
चौथ्या गाण्यात अ‍ॅम्प्लिफायर जळतो,
ऐकू येतं जळताना,
आणि थांबत कुणीच नाही.
ती स्वस्तात देऊ नकोस.

जाझ खिडकीपासून लांब, त्या आतल्या भिंतीला.
सोलो सगळेच ऐकतात. तू सोलो सोडून दे.
वाजवून झालं की माणूस मागं सरतो ना
माइकपासून दोन पावलं,
तेव्हाचा त्याचा श्वास ऐक,
बुटाखाली करकरलेली फळी ऐक.
कोपनहेगनच्या एका तळघरातली आहे बघ, सत्तावन्न सालची:
बासवाला पुटपुटत मात्रा मोजतो
आणि एकदा चुकतो. एकदाच.
नव्या आवृत्तीत ते पुटपुटणं पुसलंय.
माणूस हाकलून दिला
आणि वर छापलंय, आवाज आता स्वच्छ.

शास्त्रीय संगीतावरून माझं नि मायब्रिटचं
एकोणचाळीस वर्षं पटलं नाही.
तिला हवी गोठलेल्या तळ्यासारखी व्हायोलिनं,
एक ओरखडा नको.
मला खोकला हवा.
फेब्रुवारीतली मैफल, सभागृहात बाराशे माणसं,
आणि संथ भागात एकही खोकत नसेल
तर वाजवतायत कुणापुढं, कोटांपुढं?
ती म्हणायची, रूने, तू संगीत नाही जमवत,
तू गर्दी जमवतोस.
असेल.
तिच्या तबकड्या त्या कपाटात आहेत. त्या मोजू नकोस.
म्हणजे मोज, पण वेगळ्या कागदावर.

स्टिरिओ?
चाळीस वर्षं मी क्लबात सांगत आलो
की मोनो म्हणजे एका तोंडानं बोललेलं खरं,
आणि दोन स्पीकर म्हणजे साक्षीदार फोडलेले.
पोरांनी वहीत उतरवून घेतलं.
एकानं तर आपला स्टिरिओ विकला.
तुला म्हणून सांगतो.
नदीपलीकडच्या गोदीत मी सात वर्षं
हवेवरची छिन्नी चालवली, जहाजाच्या पोटात शिरून.
मुकादमानं कानात घालायला कापूस दिला होता,
आम्ही त्यानं हात पुसले.
डावा कान तिथंच राहिला
कुठल्याशा तेलवाहू जहाजाच्या टाकीत.
ते जहाजही भंगारात गेलं म्हणतात.

लोक सांगतात, एका कानानं ऐकावं
आणि दुसऱ्यानं सोडून द्यावं.
मी सोडू कुठून?
आत आलं ते आतच राहिलं,
मग त्याला फळ्या लागल्या,
मग आणखी फळ्या,
मग मुलीची खोली.

मायब्रिट भांडण काढायची तेव्हा
मुद्दाम डावीकडं येऊन बसायची.
बराच वेळ बोलत राहायची, शांतपणे, विणता विणता.
मी मान हलवायचो.
काय म्हणत होती कोण जाणे.
एवढं एक ध्वनिमुद्रण माझ्याकडं नाही.

कागदावर काय ते लिहिलंस?
आणि तिकडं काय उभा राहिलास, त्या बाजूला?
असा इकडं ये, दिव्याखाली.
हं, सांग आता.
किती म्हणालास?