तिसरा रकाना

भदौरियानं काचेच्या टेबलावर कागद उलगडला.
चार रकाने, आडव्या ओळी सत्तावन्न.
असेल तिथे टिक, नसेल तिथे बारीक आडवी रेघ.
ट्रेक, ट्रेक प्लस, समिट, समिट सिग्नेचर.
इंदापूरकर बाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला.
मी उभा. ड्रायव्हरला खुर्ची
कुठल्याच रकान्यात नव्हती.

बाहेर ग्वाल्हेरची जूनमधली लू,
आत इतका गारवा की माझी दाढ ठणकायला लागली.

‘पहिलीत, मॅम, लोखंडी चाकं, हातानं फिरवायचा एसी.
दुसरीत मोठा पडदा, मागे कॅमेरा.
चौथीत बघा’ म्हणून त्यानं छताचं बटण दाबलं.
काच सरकली. वर शोरूमचं पीओपी दिसलं.
‘आकाश बघता येतं,’ तो म्हणाला.

बावीस वर्षं मी बाईंना बीहडात नेतो,
हजारो म्हशींच्या कानांत बिल्ले मारले आम्ही,
आकाश कमी पडलं
असं एकदाही झालं नाही.

मी चारी गाड्यांखाली वाकलो.
जमिनीपासून दोनशे सव्वीस मिलिमीटर, चारींना तेवढंच.
म्हणजे एक वीत. माझी नव्हे, भदौरियाची.
पहाडगढच्या ओढ्यात जो काळा दगड आहे
त्याला वीत पुरते, जरा डावीकडून काढली तर.
चंबळेवर पिप्यांच्या पुलाअलीकडची रेती मात्र
वीत मोजत नाही.
तिथे चारी चाकांनी ओढ धरावी लागते,
नाहीतर लशीच्या डब्यातला बर्फ आणि मी
दोघंही वितळतो.
चारी चाकं तिसऱ्या रकान्यापासून.
आधीच्या दोहोंत आडवी रेघ.

मग डिक्या उघडल्या. चौथीतली स्टेपनी बारकी निघाली.
सगळ्यांत महाग गाडीचं पाचवं चाक
सगळ्यांत लहान.
मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी आधीच पाहिलेलं होतं.
गाय गाभण आहे का, नि विकणारा खरं बोलतो का,
दोन्ही मागल्या बाजूनं तपासायचं,
हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

‘परबतराव, बसून बघा.’

माझं नाव परबत. उंची पाच फूट एक.
जीवाजीगंजात ह्या विनोदाचं वय
आता माझ्याएवढंच झालंय.
जुन्या जीपमध्ये मी खाली गादी घेतो,
बायकोनं गोधडीच्या तुकड्यांची शिवलेली,
नाहीतर बॉनेटपलीकडे नुसता धुरळा.
बाईंनी कधी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

पहिलीत बसलो. काचेतून भदौरियाचं डोकं दिसलं,
टाय दिसला नाही.
दुसरीत तसंच, पडदा तेवढा मोठा.
तिसरीत सीटच्या बाजूला हाताला एक दांडा लागला.
ओढला. पुन्हा ओढला.
एकेका खटक्यानं मी वर येत गेलो:
टाय, टायची पिन, कमरेचा पट्टा,
शेवटी चकचकीत फरशीवर
माझीच धुळीची पावलं.

‘हाइट ॲडजस्ट,’ तो म्हणाला, ‘समिटपासून पुढे.’

बाई कागदावर वाकल्या होत्या.
पेन्सिल तिसऱ्या रकान्यातून खाली उतरत
मध्येच कुठेतरी थांबली.
कुठल्या ओळीवर, ते मला दिसलं नाही.
‘समिट,’ म्हणाल्या. ‘पांढरी.
ट्रस्ट देईल तेवढं देईल,
वरचे एक लाख ऐंशी हजार माझे.’

चारी चाकांसाठी असेल. रेतीच तशी आहे.

परतताना जुनी जीप फूलबागेला दोनदा बंद पडली.
गादीचं टोक उसवून चिंधी बाहेर आली होती,
मी ती बोटानं आत ढकलली.
खिडकीतून बाहेर बघत बाई म्हणाल्या,
‘गादी नव्या गाडीतही आणा हो, परबतराव.
बर्फाच्या डब्याखाली लागेल.’