बघे

मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट मोजून सोडलं
की विरजण लागल्यासारखा पांढरा साका बसतो.
अकरावी ब, चौतीस मुलं, पंखा एक.
मी फळ्यावर सगळ्यांना सुटं करून लिहिते:
बाणाच्या अलीकडे चौघं,
पलीकडे दोघं एकमेकांत गेलेले, दोघं तसेच.
जे दोन्हीकडे जसेच्या तसे, ते खोडा.
तिरपी रेघ, सोडियम. तिरपी रेघ, नायट्रेट.

इथल्या पुस्तकात त्यांना दर्शक म्हणतात.
मी मनात म्हणते, बघे.

इशान्या मुंगी हात वर करते.
मॅडम, जब कुछ करते ही नहीं, तो डाले क्यों?
वर्ग हसतो. मीही.
मग सांगते, अगं, चांदी पाण्यात एकटी येत नाही,
कुणीतरी हाताला धरून आणावं लागतं.
क्लोराइडचंही तेच.

आणि उगाच आठवतं
सियागंजामागचं घर, ताईला बघायला आलेले,
ट्रे माझ्या हातात.
मुलगा सोबत एक मित्र घेऊन आला होता,
निळा बुशशर्ट, बशीतले शेंगदाणे तेवढे वेचून खाणारा.
बोलणं त्या दोघांचं चाललेलं.
आम्ही दोघं पंख्याकडे बघत होतो.
लग्नाच्या फोटोत डाव्या कडेला माझा अर्धा खांदा,
उजवीकडे तीच निळी बाही.
फ्रेम लहान पडली, ताईने कडा कापून घेतल्या.

साका गाळला. गाळणकागदावर उन्हात
तो जांभळा पडत गेला, मुलांनी मोबाइलवर टिपला.
खालचं पाणी कुणी टिपलं नाही.
ते चंचुपात्र मी खिडकीत ठेवलं आणि विसरले.
शुक्रवार, शनिवार, रविवार.
इंदूरचं एप्रिलातलं ऊन काही शिल्लक ठेवत नाही.

सोमवारी तळाशी पांढरे खडे,
बारीक, तिरप्या कडांचे, काचेला धरून.
सोडियम. नायट्रेट.
पाणीसुद्धा निघून गेल्यावर
त्यांना एकमेकांखेरीज कुणी उरलं नव्हतं.

रामदयालजी ब्रश घेऊन उभे. धो दूँ?
ताईला विचारायला हवं, त्याचं नाव काय होतं.
मी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही.
घंटा झाली होती, अकरावी क येऊन बसली होती.

पुन्हा चौघं, पुन्हा बाण.
रेघ मारली, पण इतकी हलकी
की खालची अक्षरं वाचता येत होती.
मागे नळ सुरू झाला.