सरासरी रीडिंग

टिकले लेआउटच्या बागेला मनपाने पत्रा ठोकला
त्या शुक्रवारी माझ्या हातात एक तास होता.
दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवलेल्याच होत्या.
कुंपणावरूनच एकेकाला रोप दिलं.
धोमणे सरांना सदाफुली,
नसीमबींना गवती चहा,
मेश्राम सिस्टर ड्युटीवर निघाली होती,
तिला पानफुटीचं एक पान.
तिने ते पर्सच्या चेनच्या कप्प्यात टाकलं.
बाकी सात जणांना जे हाती लागलं ते.

मी चौतीस वर्षं वीज मंडळात, बिलिंगला.
मला बागेतलं काय कळतं?
मला रजिस्टर कळतं.
रविवारी कोण आलं, झारी कोणी नेली,
कोणी परत नाही आणली.
आता रविवारच राहिले नव्हते,
म्हणून रोज सहाला, कूलरमध्ये पाणी भरून झालं की
फोन घेऊन बसायची.
"बोला, आजचं रीडिंग?"
म्हणजे पानं किती.

आधी हसले सगळे. मग मोजायला लागले.
पिंट्या वंजारी म्हणायचा,
"काकू, सात. एक बकरीनं खाल्लं, धरू का?"
खाल्लेलं धरत नसतात, पिंट्या.
नसीमबींची गल्ली दोन्ही तोंडांना बांबू बांधून बंद.
"पत्ते छोडो बाई," त्या म्हणाल्या,
"ये बताओ, बाग में कोयल बोली क्या?"
बोली, मी म्हटलं.

बाग मी पाहिलीच नव्हती.
गच्चीवरून शिरीषाचा शेंडा दिसायचा
आणि टाकीची गंजलेली शिडी.
तेवढ्यावर मी रोज दहा जणांना बाग सांगत होते:
मोगरा धरलाय, आळ्यात ओल आहे,
भोजराज माळी सकाळी येऊन जातो.
भोजराज केव्हाच पायी
बालाघाटच्या रस्त्याला लागला होता.

नवतपा. सेहेचाळीस.
सिस्टरचा फोन बारा दिवस बंद.
तिच्या रकान्यात मी काही लिहिलं नाही,
शून्यही नाही.
शून्य हेही रीडिंगच असतं.
तेराव्या रात्री दोनला तिचा मेसेज:
पानाच्या कडेला तीन फुटले. बोलता येत नाही, दम लागतो.
मी त्याच वेळी सगळ्यांना फोन लावले.
झोपमोड केली म्हणून
एकानेही शिवी घातली नाही.

धोमणे सरांचं मात्र घड्याळासारखं.
अकरा. बारा. तेरा. चौदा.
असल्या उन्हात, रोज एक.
हे रीडिंग मी ओळखते.
घराला कुलूप असलं की रीडर फाटकातूनच परततो,
मागचे तीन महिने पाहून आकडा टाकतो,
आणि बिलावर छापून येतं:
घर बंद. सरासरी.

मी चौदा लिहिलं.
दुसऱ्या दिवशी पंधरा.
ठेवण्याआधी सर विचारायचे,
"उद्या करता न फोन?"
करते न सर. काहून नाही करणार?

पत्रा निघाला तेव्हा आत
कमरेएवढं गाजरगवत, आणि मोगऱ्याच्या जागी काटक्या.
त्या जुन्या होत्या, कोणालाही दिसलं असतं.
सगळ्यांनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.
सर शेवटी आले,
रंगाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून.
डब्यात एक वाळकी काडी
आणि ओली माती. आजची ओली.
"पानं जराशी गळली," ते म्हणाले.
"दिसतं," मी म्हटलं.
नसीमबी काटक्यांवरून हात फिरवत होत्या.
"और कोयल?"
मी रजिस्टर उघडलं.

रविवार. हजर अकरा, मला धरून.
सिस्टर स्टुलावर बसूनच होती, तिलाही धरलं.
सरांच्या रकान्यात काय लिहावं
ते मला अजून सुचलेलं नाही.
त्यांनी डबा आळ्याशी ठेवला, बाह्या दुमडल्या,
आणि विचारलं, झारी कुठे आहे?

झारी कोणीच परत आणली नव्हती.